एका तुकड्याला एक डोळा

सेंट ऑरेल, मेन
रविवार, ११ ऑगस्ट १९७४

प्रिय आत्या,

मला वर्ग मिळाला! दुसरीची ब तुकडी, चौदा मुलं. खोली बॉयलरशेजारची, तळमजल्यावरची. उन्हाळ्यात गरम आणि हिवाळ्यात आणखी गरम, असं शिपाई म्हणाला. खिडकीतून मिशोंचं बटाट्याचं शेत अगदी रस्त्यापर्यंत दिसतं.

गेले दहा दिवस मी सकाळी सातला तिथे जाते. बाबांनी जुन्या टेबलांचे पाय कापून बुटके केले. आता चार-चार मुलं समोरासमोर बसतील, रांगा नाहीत. एका कोपऱ्यात वाळूचं टेबल आहे. दुसऱ्या कोपऱ्यात रिकाम्या डब्यांचं दुकान, तिथे कपड्यांच्या हँगरला पत्र्याच्या दोन ताटल्या लटकवून तराजू केलाय. आणि आत्या, हसू नकोस, आपला गोठ्यातला लोखंडी बाथटब मी घासून पिवळा रंगवला, त्यात उशा टाकल्या. तो वाचनाचा कोपरा. दोन मुलं मावतात.

शेजारच्या अ तुकडीच्या मिसेस पिनेट दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शाळा आहे की जत्रा भरवतेयस?" आईने शिवलेला पडदा मात्र त्यांना आवडला. आमचे हेडमास्तर व्हिटकम नवीन आहेत, समुद्राकडचे. ते आले, टबावर बोटाने टकटक केलं, "गळत नाही ना?" विचारलं आणि गेले.

कॉलेजात आमच्या बाई म्हणायच्या, मुलाच्या हाताला जे कळतं ते मग डोक्याला सांगावं लागत नाही. हे वाक्य मी फळ्याच्या वर लिहून लावलंय. मला खरंच वाटतं की या खोलीत एकाही मुलाने स्वतःला ढ समजू नये. आपल्या घरात कुणी कधी कॉलेजला गेलं नव्हतं. मी गेले, तर त्याचं काहीतरी व्हायला हवं ना?

तुझी,
नोएला


हार्टफर्ड, कनेक्टिकट
१७ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

तुझं पत्र कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत स्टाशाला वाचून दाखवलं. ती पोलंडची, तिला निम्मंच कळलं, पण बाथटबाला ती इतकी हसली की सूप सांडलं. अगं, त्याच टबात दर शनिवारी आम्ही सहा भावंडं एकाच पाण्यात अंघोळ करायचो. मी थोरली म्हणून पहिली आणि तुझा बाप धाकटा म्हणून शेवटचा. एडमंडचा रंग असा का, ते आता तुला कळलं असेल. आणि त्यात तू पुस्तकं ठेवतेस!

बॉयलरशेजारची खोली म्हणजे आमच्या वेळची तिसरी-चौथी. माझी जागा खिडकीजवळ होती, पुढून तिसरी. त्या खिडकीचा खालचा गज वाकलेला होता, अजून आहे का बघ. मी तिथे सुगीच्या सुट्टीपर्यंत होते.

तुझं ते फळ्यावरचं वाक्य छान आहे. मी दिवसाला चार हजार बेअरिंगच्या गोळ्या बोटाने तपासते. कुठली खराब आहे ते बोटाला कळतं, पण फोरमनला सांगावं लागतंच. तेव्हा बाईंना सांग, डोक्यालाही सांगावं लागतं.

जेवतेस का वेळेवर?

फर्नांद आत्या


सेंट ऑरेल
५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

गज अजून वाकलेलाच आहे. मी तिथे कोणाला बसवलंय सांगू? बर्नाडेट मिशोला. खिडकीबाहेरचं शेत तिच्याच बापाचं. ती अजिबात बोलत नाही. आकड्यांच्या तक्त्यासमोर उभी केली की बुटांकडे बघत राहते.

आता खरी गोष्ट. परवा व्हिटकम सरांनी मला बोलावलं. दुसरीत दोन्ही तुकड्या मिळून सत्तावीसच मुलं आहेत. शाळा समितीचं म्हणणं, सत्तावीस मुलांना एक खोली आणि एक शिक्षिका पुरे. म्हणजे सगळी मुलं मिसेस पिनेटकडे आणि मी त्यांची मदतनीस, पेन्सिलींना टोकं काढायला. सर म्हणाले, "तुमच्या पद्धतीत वेगळं काय आहे ते मला बघू द्या. बुधवारी, अकरा तारखेला मी येतो. त्यावर समितीला लिहीन." सुगीची सुट्टी तेरापासून, म्हणजे सुट्टीआधी हा एकच धडा.

मी ठरवलंय बटाट्याचे ठसे. बटाटा मधोमध कापायचा, सपाट बाजूवर आकार कोरायचा, रंगात बुडवून कागदावर उमटवायचा. मग त्या ठशांतून जोड्या, ओळी, बेरजा. कॉलेजात मला याच धड्याला पहिला नंबर मिळाला होता. बाबा घरच्या शेतातले नवे बटाटे देणार आहेत, दोन टोपल्या. शाळेच्या स्वयंपाकघरातून बोथट सुऱ्या सांगून ठेवल्यात.

तुला काय वाटतं? खरं सांग. मला ही खोली हवीय, आत्या.

नोएला


हार्टफर्ड
९ सप्टेंबर

नोएला,

हे पत्र मी कामाला जाता-जाता टाकतेय. बुधवारच्या आत पोचावं.

बटाटे नको! सेंट ऑरेलच्या पोरांच्या हातात सुरी आणि बटाटा एकदम देऊ नकोस. ती काय करतील ते तुला कळायला हवं होतं. त्यापेक्षा सलगम घे, मोठे, घट्ट. सलगमाला कोणी ओळखत नाही, तो मुकाट्याने ऐकेल.

तुझ्या परीक्षकाला बाथटबात बसव.

आत्या


सेंट ऑरेल
१५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. सलगमाची कल्पना छान आहे, पुढच्या वेळी लक्षात ठेवीन. धडा झाला. सर शेवटपर्यंत बसले होते.

इकडे थंडी लवकर पडली. शुक्रवारी पहाटे बटाट्याच्या पाल्यावर पांढरं दहिवर होतं. पाला चांगला वाळलाय, त्यामुळे यंदा साल पक्की आहे असं बाबा म्हणतात. आईने कुट्टूचं पीठ दळून आणलंय, सकाळी त्याची प्लॉय धिरडी आणि काकवी. मंगळवारी पाऊस होता, बुधवारी ऊन, काल परत ढग. उद्यापासून मी मिशोंकडे बटाटे वेचायला जाणार आहे.

तू बरी आहेस ना?

नोएला


हार्टफर्ड
२० सप्टेंबर

नोएला,

हवेवर पाच ओळी आणि धड्यावर दोन. तुझा बापसुद्धा असाच लिहायचा. सैन्यातून त्याने कळवलं होतं, 'इथे पाऊस आहे', तेव्हा त्याचा पाय मोडलेला होता.

पोरांनी लावणीसाठी बेणं कापलं ना?

रडली असशील तर रडून घे. मग बसून सगळं लिही. मी तुला माझं एक सांगते, म्हणजे तुला एकटीला लाज वाटायला नको. एकोणीसशे एकतीसच्या सप्टेंबरात सुगीची सुट्टी लागली. मी नऊ वर्षांची होते. पाटी-पुस्तक डेस्कात ठेवलं. तीन आठवड्यांनी यायचंच होतं, घरी कशाला न्यायचं? सुगी झाली, तर आईला बरं नव्हतं. मग तुझा बाप रांगायला लागला. मग बेणं कापायचे दिवस आले. आपल्या गावात माझ्याइतकं भराभर बेणं कोणी कापत नव्हतं, विचार कोणालाही. फळीला उभं पातं ठोकलेलं, त्यावर बटाटा ओढायचा, डोळा बघायचा, पुढचा घ्यायचा. दिवसाला तीस पिंपं. पण वर्गात परत जायचं राहिलं ते राहिलंच. तेव्हा माझी सुगीची सुट्टी अजून चालू आहे, त्रेचाळीस वर्षं झाली. स्टाशाला सांगितलं तर म्हणाली, एवढी पगारी सुट्टी कुठल्या कारखान्यात मिळते?

तुझी खोली गेली का? एवढं आधी लिही.

आत्या


सेंट ऑरेल
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

खोली अजून गेलेली नाही. पण गेल्यातच जमा होती. आता सगळं लिहिते.

त्या दिवशी मी सांगितलं, "मुलांनो, बटाटा मधोमध कापा." सर मागे बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले. मी रंग कालवायला पाठ वळवली. वळून बघते तर चौदाच्या चौदा मुलांनी बटाटे उचलून आधी फिरवून पाहिले, जसं घराघरांत मे महिन्यात बघतात, आणि कोंबडीच्या अंड्याएवढे चौकोनी तुकडे पाडले. प्रत्येकात बरोबर एक डोळा. ठसा उमटवायला सपाट बाजू म्हणून कुठे शिल्लक नाही. छोटा गिल्मन म्हणाला, "मिस, आत्ता कोणी बेणं कापतं का? सप्टेंबर आहे!" आणि बाकीची आपसात घरच्या फ्रेंचमध्ये त्याला गप्प करत होती की बाईंना माहीत असेल, त्या कॉलेजात शिकल्यात. व्हिटकम सरांना फ्रेंच येत नाही. त्यांना एवढंच दिसलं की बाईंनी एक सांगितलं आणि एकाही मुलाने ते केलं नाही.

मी काय केलं असेल? मी ओरडले. "असं नाही! सगळं वाया घालवलंत!" आत्या, त्या पिवळ्या टबाशेजारी उभं राहून, फळ्यावरच्या त्या वाक्याखाली, मी ओरडले.

नंतर सर म्हणाले, "मिस डेगल, उत्साह आहे. शिस्त दिसली नाही." मग म्हणाले, "सुट्टीनंतर एकदा येतो. पण शेवटचं." माणूस वाईट नाही. त्यांनी जाताना एक तुकडा उचलून उलटसुलट बघितला आणि खिशात टाकला. मला वाटलं, समितीला पुरावा दाखवायला.

मी याच गावची. आमच्या तळघरात दर मे महिन्यात आईशेजारी बसून मीही बेणं कापलंय. मग मला कसं सुचलं नाही? चार वर्षांत मी बटाटा वेगळ्याच नजरेने बघायला शिकले होते बहुतेक, शैक्षणिक साहित्य म्हणून.

आता मिशोंच्या शेतातलं. पहिल्याच दिवशी बर्नाडेटच्या शेजारची ओळ मला मिळाली. वर्गात न बोलणारी ही पोर शेतात अखंड बडबड करते. "मिस, टोपली पायांच्या मध्ये धरा. मिस, वाकून नाही, गुडघ्यावर या, नाहीतर उद्या उठवणार नाही." आणि खरंच उठवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "किती झालं तुझं?" तर मान वर न करता म्हणाली, "पाच पिंपं भरली, सहाव्यात तीन टोपल्या. म्हणजे तेवीस टोपल्या. एक आणली की सहावं भरलं." चारचा पाढा मी अजून वर्गात काढलेलाही नाही!

दुपारी पिंपाच्या आडोशाला आम्ही सँडविच खात होतो. ती म्हणाली, "मिस, तुम्ही त्या दिवशी का रागावलात? आम्ही नीट कापले होते. एकही आंधळा नव्हता."

मी हातातलं सँडविच परत कागदात गुंडाळलं. ती म्हणाली, "पाणी पाहिजे का?"

त्यांचं चुकलं नव्हतं गं. मी त्यांना न येणारं शिकवायला निघाले होते आणि त्यांना येणारं मला ओळखता आलं नाही.

मग मी ठरवलंय. बुधवारी, सोळाला, सर येतील तेव्हा मी शिकवणार नाही, मुलं शिकवतील. सर विद्यार्थी. मिसेस पिनेटना हे सांगितलं तर त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "पेन्सिलींना टोकं छान काढतेस का गं?" पण संध्याकाळी त्यांनीच आपल्या कोठारातलं एक रिकामं पिंप पाठवून दिलं, वर्गात ठेवायला.

आणि तुझी सुट्टी. ते पत्र मी तीनदा वाचलं. वाकलेल्या गजापाशी बसून वाचलं. त्याबद्दल मला नीट लिहिता येत नाहीये अजून.

नोएला


हार्टफर्ड
११ ऑक्टोबर

नोएला,

ओरडलीस हे बरं झालं. पोरांना आता खात्री पटली असेल की बाई माणूस आहेत.

एक लक्षात ठेव. सरांना पहिला बटाटा अवघड दे, ज्याचे सगळे डोळे एका टोकाला असतात असा. शहरी माणूस तिथेच फसतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी तिथेच फसले होते आणि आजीने कानाला धरून दाखवलं होतं. तुझ्या साहेबाचा कान कोणी धरू नये, एवढं बघ.

पार्सलमध्ये माझी जुनी तिकिटं आहेत, अडतीस नंबरची, वेचणारी म्हणून तो माझा नंबर. भरलेल्या पिंपावर लावून उरलेली. कनेक्टिकटला येताना का आणली होती कोण जाणे. पोरांना मोजायला दे.

मेणबत्ती लावतेय. चर्चमध्ये, कारखान्यात नव्हे.

आत्या


सेंट ऑरेल
शनिवार, १९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

ऐक.

सर आले. गिल्मनने त्यांना एप्रन बांधलं, ते त्यांच्या पोटाला पुरेना. बर्नाडेटने बटाटा दिला, तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळे डोळे एका टोकाला असलेला. सरांनी दोन सरळ काप मारले, चार छान सारखे तुकडे, आणि समाधानाने बघितलं. बर्नाडेटने एकेक उचलून फिरवला.

"हा चालेल. हा चालेल. हा आंधळा. हाही आंधळा."

"आंधळा म्हणजे?"

"म्हणजे मातीत नुसता कुजेल, सर. एका तुकड्याला एक डोळा पाहिजेच. परत करा."

वर्गात न बोलणारी मुलगी, आत्या! आणि सरांनी परत केलं. तीनदा. चौथ्या वेळी ती म्हणाली, "आता येतंय तुम्हाला." सरांचे कान लाल झाले, पण कोणी धरले नव्हते.

मग तुझी तिकिटं. एका पिंपाला चार टोपल्या आणि एक तिकीट, असं करत त्यांनी फळ्यावर अख्ख्या वर्गाची सुगी मांडली. कोणी किती वेचलं ते चित्रात, मग आकड्यात. सलगमाचेही ठसे केले, तू म्हणालीस तसे ते मुकाट्याने ऐकतात. त्या ठशांनी प्रत्येकाने आपापल्या ओळीचं चित्र केलं. टबात बसून दोघी जणी 'बेणं कसं कापावं' हे पुस्तक लिहीत होत्या, स्पेलिंगचं विचारू नकोस.

शेवटी सर उठले आणि म्हणाले, "छान. हे तुकडे या आठवड्यात कुंड्यांत लावा. महिन्याअखेर समितीला पत्र लिहायचंय, तोवर कोंब दिसतील. त्यांना दाखवायला काहीतरी हवं."

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. काय चुकतंय ते मलाही माहीत होतं.

गिल्मन हळूच म्हणाला, "सर, ते झोपलेत."

"कोण?"

"बटाटे. नवा बटाटा आत्ताच जमिनीतून आलाय, तो झोपतो. नाताळापर्यंत काही उठत नाही. आत्ता कापून लावला तर सडेल."

"मग हे आपण कापलेले?"

"हे सूपला," बर्नाडेट म्हणाली. "लावायचे ते अख्खे ठेवायचे, अंधारात, थंडीत. नाताळानंतर डोळे उघडले की मग कापायचे. मग कोंब यायला आणखी दोन-तीन आठवडे."

सरांनी खिशात हात घातला. आत्या, त्यांनी काय काढलं असेल? सप्टेंबरातला तो तुकडा. वाळून आक्रोडासारखा झालेला. म्हणाले, "हा मी महिनाभर खिडकीत कपात ठेवला होता. रोज दोन थेंब पाणी घालत होतो. मला वाटलं, माझंच काही चुकतंय." आणि मग ते इतके हसले की बुटकी खुर्ची उलटली.

पुरावा नव्हता तो. मी उगाच घाबरले होते.

काल समितीला त्यांनी पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं: 'दुसरी ब मध्ये सुरू असलेल्या प्रयोगाचा निकाल फेब्रुवारीपूर्वी लागत नाही, असे या विषयातील जाणकारांनी मला सांगितले आहे. सबब ही तुकडी व तिची शिक्षिका वर्षअखेरपर्यंत आहे तशी ठेवावी.' जाणकारांचं सरासरी वय साडेसात आहे. समितीतले पाचही जण बटाट्याचे शेतकरी. संध्याकाळीच त्यांनी वाचलं आणि सह्या केल्या.

चौदा बटाटे आता बॉयलरपासून लांब, जिन्याखालच्या थंड कपाटात झोपलेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मुलं रोज दार किलकिलं करून बघतात आणि एकमेकांना शूऽऽ करतात.

खरं तर पंधरा आहेत. काल मी मुलांना विचारलं, नाताळानंतर कापताना आपलं चुकलं तर सांगायला कोण येईल? मग मी त्यांना अडतीस नंबरची गोष्ट सांगितली, दिवसाला तीस पिंपं. बर्नाडेटने विचारलं, "त्या कुठल्या वर्गात होत्या?" मी खिडकीकडे बोट दाखवलं. ती उठली आणि आपली खुर्ची थोडी सरकवून बसली. शेजारी जागा झाली. मग गिल्मनने कपाटात आणखी एक बटाटा ठेवला, चिठ्ठीवर लिहिलं, 'फर्नांद'. हजेरीत मी तुझं नाव पेन्सिलीने लिहिलंय.

सहा जानेवारीला शाळा सुरू होते.

तुझी,
नोएला


हार्टफर्ड
२६ ऑक्टोबर

नोएला,

फोरमनला सांगितलं, जानेवारीत दोन आठवडे नाही येणार. कारण विचारलं. म्हटलं, सुट्टी संपली, शाळा आहे. त्याला वाटलं मी चढवलीय.

शनिवारी, चार जानेवारीला, बसने येते. एडमंडला स्टँडवर पाठव आणि त्याला अंघोळ करून यायला सांग, पहिल्या पाण्यात.

माझ्या डेस्कात एक वाचनाचं पुस्तक राहिलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. ते काही मिळायचं नाही, माहितेय. पण मी पंचाण्णव पानापर्यंत आले होते. तसलं दुसरं काही असेल तर त्या टबात ठेव. मला आता जवळचं दिसत नाही, तेव्हा जागा खिडकीचीच हवी.

आणि मिशोंच्या पोरीला सांग, तिच्या टोपल्या मला पटल्या. पण बटाट्याला हात लावायचा नाही मी येईपर्यंत. सुऱ्यांना धार लावून ठेव, बोथट सुरीने बेणं कापलं तर तुकडा सडतो. हे तुझ्या कॉलेजात शिकवलं नसेल.

उशीर झाल्याबद्दल वर्गाच्या बाईंना माझ्याकडून सांग. घरी काम होतं.

फर्नांद डेगल
दुसरी ब